श्रद्धा आधार कधी होते, ओझे कधी? ख्रिस्ती श्रद्धा आणि मानसिक आरोग्याच्या अभ्यासाविषयी

गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या ज्येष्ठांच्या वाचन गटाने ख्रिस्ती श्रद्धा आणि मानसिक आरोग्य हा विषय घेतला. गटात आम्ही सात जण. बँक, टपाल खाते, शाळा आणि वीज खाते यांतून निवृत्त झालेले. डॉक्टर कोणी नाही, आणि ख्रिस्तीही कोणी नाही. त्यामुळे गोव्यातल्या मराठी मंडळाला हा विषय कशाला हवा, असा प्रश्न वार्षिक सभेत आलाच. त्याचे उत्तर आधी देतो.

पहिले कारण शेजाराचे. आपल्यापैकी बहुतेकांच्या कुंपणापलीकडे ख्रिस्ती घर आहे. मनाचा आजार घरात शिरला की सुरुवातीला दोन्ही घरांत जे होते ते जवळपास सारखेच असते. दिष्ट काढली जाते. मग कोणी घाड्याकडे जातो, कोणी देवळात कौल लावतो, कोणी इगर्जीत नॉव्हेना धरतो. पुष्कळदा हिंदू माणूस इगर्जीत मेणबत्ती लावून येतो आणि ख्रिस्ती माणूस देवळात गाऱ्हाणे घालून येतो. डॉक्टरचे नाव सर्वांत शेवटी निघते.

दुसरे कारण असे की, "देवाधर्मामुळे मन निरोगी राहते हे शास्त्राने सिद्ध केले" असा निरोप आपल्या व्हॉट्सॲप गटात महिन्यातून एकदा तरी फिरतो. ज्या अभ्यासांच्या जोरावर हे सांगितले जाते ते बहुतांशी अमेरिका आणि युरोपमध्ये, ख्रिस्ती लोकांवर झालेले आहेत. तिथे 'धर्म' मोजायचा म्हणजे चर्चला किती वेळा जाता, प्रार्थना किती वेळ करता, बायबल वाचता का, हे विचारायचे. म्हणून तो निरोप पुढे पाठवण्याआधी, मुळात मोजले काय होते ते पाहणे बरे.

तिसरे कारण जवळचे आहे. आमच्या ओळखीच्या एका घरात तरुण मुलाच्या गोळ्या, "आता प्रार्थनेने बरा झाला" या भरवशावर घरच्यांनी परस्पर बंद केल्या. चार महिन्यांत आजार उलटला, आणि या खेपेला पहिल्यापेक्षा जास्त. घर हिंदू की ख्रिस्ती हे मुद्दाम लिहीत नाही. मुलगा आता पुन्हा उपचार घेतो आहे. गोळ्या किंवा प्रार्थना यांतले एकच काहीतरी निवडायचे असते, ही समजूत त्या घराला महाग पडली. तशी समजूत आपल्या सभासदांच्या इतर घरांतही असेल, म्हणून हा लेख.

मृत्यूच्या नोंदी

या विषयात आकडेवारी घेऊन उतरलेला पहिला मोठा माणूस म्हणजे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम. आत्महत्येवरचा त्याचा ग्रंथ १८९७ साली निघाला. युरोपातील देशांची आणि प्रांतांची सरकारी आकडेवारी मांडून त्याने दाखवले की प्रोटेस्टंट भागांत आत्महत्यांचे प्रमाण कॅथलिक भागांपेक्षा जास्त आहे. दोन्ही पंथांना आत्महत्या सारखीच निषिद्ध. मग फरक कशाने? दुर्खीमचे म्हणणे असे की, कॅथलिक माणूस सण, उपवास, कुमसार, पाद्री, वाड्यावरची मंडळी या सगळ्यांनी बांधलेला असतो, तर प्रोटेस्टंट माणूस बायबल हातात घेऊन बराचसा एकटा उभा असतो. माणसाला वाचवते ते बांधलेपण, असा त्याचा निष्कर्ष. गोव्यातल्या वाड्यावर राहणाऱ्याला हे लगेच पटते.

पण आकडे आले कुठून? मृत्यूच्या नोंदींतून. कॅथलिक समाजात आत्महत्या केलेल्याला चर्चचा दफनविधी नाकारला जात असे. अशा वेळी घरचे, गावचा डॉक्टर आणि नोंद करणारा कारकून, तिघांनाही कागदावर दुसरे काही लिहावेसे वाटणे स्वाभाविक होते. हा संशय जुनाच होता. १९९६ साली व्हान पॉपेल आणि डे या दोघा अभ्यासकांनी नेदरलँड्समधल्या १९०५ ते १९१० या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी घेऊन तो तपासला. कॅथलिकांमध्ये आत्महत्येच्या नोंदी कमी होत्या खऱ्या, पण 'अचानक मृत्यू' आणि 'कारण अस्पष्ट' या रकान्यांत कॅथलिक नावे जास्त निघाली. ती हिशेबात घेतली की दोन पंथांतला फरक जवळजवळ उरतच नाही. आमच्या गटातल्या बँकवाल्यांना हा भाग फार पटला. जी रक्कम तिच्या खात्यात सापडत नाही ती सस्पेन्समध्ये शोधायची, हे आम्ही आयुष्यभर केले आहे.

यातून दुर्खीम सगळाच खोटा ठरत नाही. माणसाचे माणसाशी बांधलेपण मोलाचे आहे हे पुढच्या अभ्यासांतही दिसते. पण लाज ही गोष्ट आकडेवारीत शिरते आणि ती बदलून टाकते, एवढे त्यातून पक्के कळते. ज्या समाजात आजार लपवला जातो तिथे आजार कमी आहे असे कागदावर दिसणारच. आपल्या समाजात "आमच्याकडे असले काही नाही" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पुढे खुद्द कॅथलिक चर्चने आपली भूमिका बदलली, आणि ती बदलताना मानसिक आजाराचा विचार केला. १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा दफनविधी नाकारण्याची तरतूद होती. १९८३ च्या संहितेत ती राहिली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात तर स्पष्ट म्हटले आहे की, गंभीर मानसिक विकार, तीव्र यातना किंवा भीती यांमुळे त्या माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा व्यक्तीच्या मुक्तीविषयी आशा सोडू नये. जे घर अशा दुःखातून गेले आहे त्याला या दोन ओळींचा अर्थ समजावून सांगायला नको. आपल्या देशाच्या कायद्यानेही असेच वळण घेतले. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चे कलम ११५ सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, तिला शिक्षा करू नये, आणि तिची काळजी व उपचार ही सरकारची जबाबदारी समजावी.

चर्चला जाणाऱ्या परिचारिका

अमेरिकेत १९७६ पासून हजारो परिचारिकांच्या आरोग्याची नोंद ठेवली जात आहे. हार्वर्डचे टायलर व्हॅन्डरवील आणि सहकाऱ्यांनी त्यातील ८९,७०८ स्त्रियांची १९९६ ते २०१० या काळातली माहिती तपासली आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. बहुतेक स्त्रिया कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट होत्या. आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा चर्चला जाणाऱ्यांत आत्महत्येचे प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे पाचपट कमी आढळले. निरोपांमध्ये फिरतो तो हाच आकडा.

आकडा खरा आहे. फक्त त्याच्या सोबतचे दोन तपशील निरोपात नसतात. एक म्हणजे इतक्या मोठ्या संख्येत आत्महत्या झाल्या त्या एकूण ३६. संख्या लहान असली की 'पाचपट' हा शब्द जरा जपून वापरावा. दुसरा तपशील जास्त महत्त्वाचा. चर्चला गेल्याने मन बरे राहते, की मन बरे असते तेच चर्चला जातात? संशोधकांनी आधीचे नैराश्य हिशेबात धरले होते. पण याच परिचारिकांच्या माहितीवरून त्याच वर्षी झालेल्या नैराश्याच्या अभ्यासात दोन्ही गोष्टी दिसल्या. नियमित जाणाऱ्यांत पुढे नैराश्य कमी आढळले, आणि ज्यांना नैराश्य आले त्यांचे चर्चला जाणे कमी झाले.

यातला दुसरा भाग आमच्या मते घराघरांत सांगण्यासारखा आहे. भजनाला नियमित येणारी बाई यायची बंद झाली, रविवारची मिस न चुकवणारा शेजारी घरीच बसू लागला, तर "श्रद्धा उडाली" किंवा "गर्व झाला" असे आपण बोलून मोकळे होतो. ती आजाराची पहिली खूण असू शकते.

सगळे अभ्यास एकच सांगत नाहीत हेही नमूद करावे लागेल. ड्यूक विद्यापीठाचे हॅरल्ड कोनिग यांनी १९९८ साली शारीरिक आजाराबरोबर नैराश्य असलेल्या ८७ वृद्ध रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे चर्चला जाणे किंवा घरी प्रार्थना करणे यांचा वेगळा असा परिणाम दिसला नाही. ज्यांची श्रद्धा आतून, रोजच्या जगण्यात मुरलेली होती त्यांचे नैराश्य लवकर ओसरले. धर्म वापरणारा माणूस आणि धर्म जगणारा माणूस, असा भेद गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्येच प्रश्नावली करून मोजायला घेतला होता. आपल्या संतांनी हा भेद त्याच्या कितीतरी आधी केला, असे आमच्या गटातल्या शाळेच्या बाईंचे म्हणणे पडले. ते बरोबरच आहे. पण प्रश्नावली करून मोजले ते ऑलपोर्टने.

देव सोबत आहे की शिक्षा करतो आहे?

आम्हाला सर्वांत मोलाचे वाटले ते ओहायोमधल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठाच्या केनेथ पार्गामेंट यांचे काम. संकटात माणूस श्रद्धेचा वापर कसा करतो, हे त्यांनी कित्येक वर्षे अभ्यासले. त्यांच्या मते माणूस किती श्रद्धाळू आहे एवढे विचारून फारसे कळत नाही. संकट आल्यावर तो देवाशी कोणत्या नात्याने बोलतो ते विचारावे लागते. एक म्हणतो, देव या दुखण्यात माझ्या सोबत आहे, मला बळ देईल. दुसरा म्हणतो, देवाने मला टाकले, ही माझ्या पापाची शिक्षा आहे. दोघे एकाच चर्चमध्ये, एकाच बाकावर बसलेले असू शकतात.

२००१ साली पार्गामेंट, कोनिग आणि सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरील ५९६ आजारी माणसांचा दोन वर्षे मागोवा घेऊन काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध केला. रुग्ण अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यातले. ज्यांच्या मनात देवाशी झगडा चालू होता त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त निघाले, आणि हे शरीराची व मनाची मूळ अवस्था हिशेबात धरल्यावर. "देवाने मला सोडून दिले का", "देवाचे माझ्यावर प्रेम आहे का" आणि "हे सैतानाचेच काम" अशा विचारांमागे धोका १९ ते २८ टक्क्यांनी वाढलेला आढळला.

म्हणजे ज्या श्रद्धेने एकाला तारले तिनेच दुसऱ्याला खाली ओढले. 'सैतान' आणि 'पाप' हे शब्द इथे ख्रिस्ती आहेत, पण मागच्या जन्मीचे भोग, पितृदोष, कुळाचार चुकला, बाहेरची बाधा, ही आपल्याकडची वाक्येही त्याच जातीची आहेत. अंथरुणावरच्या माणसाशी बोलताना ती सहज तोंडातून जातात. बोलणाऱ्याला वाटते आपण कारण सांगतो आहोत. ऐकणाऱ्याला ऐकू येते की हे मीच ओढवून घेतले. नैराश्यात मुळातच आपण निकामी आहोत, दोषी आहोत असे वाटत असते, त्यात ही भर. आजारी माणसाला भेटायला जाणाऱ्यांसाठी एखादी पाटी करायची झाली तर आम्ही पार्गामेंट यांचा हा अभ्यास त्यावर लिहू.

श्रद्धेच्या आत शिरलेला आजार कसा असतो याचे एक जुने आणि गोव्याशी नाते असलेले उदाहरण आहे. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला हे मूळचे सैनिक. १५२१ साली पांप्लोना इथल्या लढाईत जखमी झाले, मग धर्माकडे वळले. पुढच्या वर्षी स्पेनमधल्या मान्रेसा गावी राहात असताना त्यांना एका शंकेने ग्रासले : आपण कुमसारात सगळी पापे नीट सांगितली का? पाद्रीपुढे कबुली द्यायची, बाहेर यायचे, की पुन्हा शंका. काही राहिले तर? त्यांनी सगळी पापे लिहून काढून पाहिली, पुन्हा पुन्हा कुमसार केला, आठवडाभर अन्न सोडले. जीव द्यावा असे विचारही त्यांच्या मनात येऊन गेले. हे सर्व त्यांनी स्वतःच आपल्या आत्मवृत्तात सांगितले आहे. शेवटी त्यांनी ठरवले की झाल्या गेल्या पापांची कबुली पुन्हा द्यायची नाही, आणि त्या फेऱ्यातून ते सुटले. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेले फ्रान्सिस झेवियर हे याच इग्नेशियसचे जवळचे सोबती.

या अवस्थेला ख्रिस्ती परंपरेत जे नाव आहे त्याचा लॅटिनमधला मूळ अर्थ 'टोकदार बारीक खडा'. चपलेत गेलेल्या खड्यासारखा तो चालू देत नाही. आपल्याकडे यालाच मंत्रचळ म्हणतात. सोवळ्यात असताना कशाला शिवलो का म्हणून चार-चारदा आंघोळ करणारी आजी काहींनी घरात पाहिलेली असेल. खड्याचा आकार वेगळा, टोचणे तेच. आज याला एक प्रकारचा मंत्रचळ मानून उपचार करतात, आणि पाप व देवकोप यांची भीती किती हे मोजणारी १९ प्रश्नांची प्रश्नावली २००२ पासून वापरात आहे. उपचाराचा गाभा असा : शंका येऊ द्यायची, पण तिच्या समाधानासाठीची कृती करायची नाही. पुन्हा कुमसार नाही, पुन्हा आंघोळ नाही. अशा माणसाने एकाच पाद्रीकडे जावे आणि तो "पुरे" म्हणाला की थांबावे, हा चर्चमधला जुना सल्ला याच्या फार जवळचा आहे. पण सगळ्यांचीच सुटका इग्नेशियससारखी आपली आपण होत नाही. घरातला जाणकार प्रत्येक वेळी "नाही हो, काही चुकले नाही तुमचे" असे समाधान करत राहिला तर फेरा वाढतच जातो. तिथे प्रशिक्षित माणूसच लागतो.

सांभाळणारी माणसे

बेल्जियममधल्या गील या गावाची गोष्ट थोडक्यात सांगतो. तिथे संत डिम्फना हिचे चर्च आहे. ती मनोरुग्णांची कैवारी मानली जाते. मध्ययुगात रुग्ण नऊ दिवसांच्या प्रार्थनेसाठी तिथे आणले जात. चर्चजवळची जागा पुरेना, तेव्हा गावकरी त्यांना आपल्या घरी ठेवू लागले, आणि ती रीतच पडली. १८५० मध्ये सरकारने देखरेख हाती घेतली, पण रुग्ण घरांतच राहिले. १९३८ च्या सुमारास तीन हजारांहून अधिक रुग्ण गावातल्या कुटुंबांत राहत होते. आजही काहीजण राहतात. म्हणजे आधी नवस, मग शेजार आणि त्यानंतर वैद्यक, अशा क्रमाने ही व्यवस्था उभी राहिली. आधीचे पुढच्यात सामावत गेले, एकाने दुसऱ्याला हाकलले नाही.

इंग्लंडमधल्या यॉर्कची हकीकत वेगळी. १७९० साली हॅना मिल्स नावाची क्वेकर पंथाची बाई तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात वारली. पंथाच्या लोकांना तिला भेटूही दिले नव्हते. तेव्हा विल्यम ट्यूक या चहा-कॉफीच्या व्यापाऱ्याने पुढाकार घेऊन १७९६ मध्ये 'रिट्रीट' नावाचे घर उघडले. प्रत्येक माणसात देवाचा प्रकाश असतो ही क्वेकरांची श्रद्धा. रुग्णातही तो असतोच, मग साखळ्या कशाला, असा साधा हिशेब. बागकाम, शिवणकाम, एकत्र चहा आणि माणसासारखी वागणूक, हे तिथले उपचार. आधुनिक मनोरुग्णालयांच्या इतिहासात या घराला मोठे स्थान आहे.

भारतात यायचे तर लखनौला जावे लागते. स्टॅन्ली जोन्स हे अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी १९०७ साली भारतात आले. पहिल्या काही वर्षांतच त्यांचे मन आणि शरीर कोलमडले. विश्रांतीसाठी मायदेशी गेले, परत आले, पुन्हा कोलमडले. पुढे लखनौच्या चर्चमध्ये प्रार्थना करत असता आपल्याला बळ मिळाले असे त्यांनी लिहून ठेवले आहे, आणि त्यानंतर त्यांनी अनेक दशके काम केले. आता अशा माणसाने "मी प्रार्थनेने बरा झालो, तुम्हीही व्हा" एवढेच सांगितले असते तरी कोणाला नवल वाटले नसते. त्याच माणसाने १९५० मध्ये लखनौला 'नूर मंझिल' हे मानसोपचार केंद्र काढले आणि तिथे मनोविकारतज्ज्ञांना बसवले. ज्याला प्रार्थनेचा स्वतःचा अनुभव होता त्यालाच डॉक्टरची गरज सर्वांत स्पष्ट दिसली.

वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाने १९५७ मध्ये बागायम इथे मानसिक आरोग्य केंद्र सुरू केले. रुग्णाबरोबर घरचे माणूस राहायलाच हवे, ही तिथली पद्धत. त्यामुळे नातेवाईक आजार ओळखायला शिकतो आणि रुग्ण टाकून दिला जात नाही. वेल्लोरचे प्राध्यापक अब्राहम वर्गीस यांच्या पुढाकाराने, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या वतीने वेल्लोर, मद्रास आणि लखनौ या तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेण्यात आला. १९८९ मध्ये निष्कर्ष छापले गेले. कोणाचा आजार बरा वळण घेतो याच्या यादीत औषधे नियमित घेणे आणि लवकर उपचार सुरू होणे होते, आणि धार्मिक गोष्टींत वेळ घालवणेही होते. गोळ्या आणि प्रार्थना एकाच यादीत! हा अभ्यास केवळ ख्रिस्ती रुग्णांचा नव्हता, भारतातल्या तीन शहरांतल्या रुग्णांचा होता, म्हणून आपल्याला जास्त जवळचा.

उपचारात श्रद्धा

डॉक्टरकडे गेलो तर तो आमच्या देवाची चेष्टा करेल, ही भीती ख्रिस्ती घरांत आहे तशी आपल्याकडेही आहे. यावर १९९२ साली रेबेका प्रॉप्स्ट यांनी अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. नैराश्य असलेल्या श्रद्धाळू ख्रिस्ती रुग्णांना, विचारांची सवय बदलणारी समुपदेशन पद्धती काहींना साध्या रूपात आणि काहींना बायबलमधल्या प्रतिमा व वचने घेऊन दिली. समुपदेशकांत श्रद्धाळूही होते आणि अश्रद्धही. धार्मिक रूपातली पद्धती चांगली चालली, आणि गंमत अशी की ती अश्रद्ध समुपदेशकांच्या हातून फार चांगली चालली. तेव्हा डॉक्टर आपल्या धर्माचाच हवा हा आग्रह सोडायला हरकत नाही. त्याने रुग्णाच्या श्रद्धेचा मान ठेवला म्हणजे पुरे. पुढे कोनिग आणि सहकाऱ्यांनी अशाच पद्धतीच्या पुस्तिका ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम, हिंदू आणि बौद्ध अशा पाच धर्मांसाठी केल्या. १३२ रुग्णांवरच्या त्यांच्या चाचणीत (२०१५) धार्मिक आणि साधी अशा दोन्ही पद्धती सारख्याच गुणकारी ठरल्या. अतिश्रद्धाळू रुग्णांना धार्मिक पद्धतीचा फायदा किंचित जास्त झाला.

बाधेचे काय, हा प्रश्न राहतो. कॅथलिक चर्चने १९९९ मध्ये भूत काढण्याच्या विधीची सुधारित संहिता काढली. त्यात विधी करणाऱ्या पाद्रीलाच बजावले आहे की, बाधा आहे असे चटकन मानू नये, माणूस मनाने आजारी असू शकतो, आणि गरजेप्रमाणे वैद्यक व मनोविकार यांच्या जाणकारांचे मत घ्यावे. शेजारच्या ख्रिस्ती घरात अशी काही गोष्ट निघाली तर त्यांच्याच चर्चचा हा नियम त्यांना सांगता येतो. आपल्याकडच्या घाड्याला असा लिखित नियम कोणी घालून दिलेला नाही. मात्र रुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या कायद्याने सगळ्यांनाच मना केले आहे, जागा कोणतीही असो.

आपल्या गोव्यात झालेले एक काम तर आपल्याला तोंडपाठ हवे. 'संगत' ही संस्था १९९६ पासून इथे आहे. तिच्या एका चाचणीत प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांना, प्रशिक्षण दिलेल्या साध्या स्थानिक माणसांनी सहा ते आठ वेळा भेटून समुपदेशन केले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' साप्ताहिकात आकडे आले. अशा भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचे नैराश्य तीन महिन्यांत ओसरले, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्क्यांचे. समुपदेशक डॉक्टर नव्हते. इगर्जीच्या वाड्यावाड्यांवरच्या गटांत आणि आपल्या भजनी मंडळांत नियमाने घरोघर जाणारी अशी माणसे आहेतच. प्रशिक्षण घ्यायची तयारी असणाऱ्या सभासदांनी कार्यालयात नाव द्यावे. पाच नावे झाली की कार्यकारिणीपुढे विषय ठेवू.

तोवर घरात गरज पडली तर सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत मिळते. विम्याबाबत एक गोष्ट बँकवाले म्हणून सांगतो : २०१७ च्या कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यायचे आहे. पॉलिसीचे नूतनीकरण करताना अटींचा कागद मागून घ्या आणि हा मुद्दा त्यात आहे ना ते पाहा. आणि डॉक्टरकडे पहिल्यांदा जाल तेव्हा जप, उपवास, नवस, नॉव्हेना, झाडपाल्याचे औषध, जे काही चालू असेल ते सगळे त्यांना सांगा. उपवासाच्या दिवशी गोळी कधी आणि कशाबरोबर घ्यायची, हे विचारायला संकोचू नका.